जुन्या जीपखाली ऑइल गळतंय? गळती शोधायची रीत

पार्किंगच्या फरशीवर काळा डाग दिसला की बहुतेक जण डागाच्या बरोबर वर बघतात, तिथे जे ओलं असेल त्याला दोषी ठरवतात आणि गॅरेजमध्ये जाऊन "चेंबरचं पॅकिंग बदला" सांगून मोकळे होतात (चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं ऑइलचं भांडं). पॅकिंग बदललं जातं, पैसे दिले जातात, आठवड्याभरात डाग पुन्हा हजर. कारण सोपं आहे. ऑइल निघतं एकीकडून आणि टपकतं दुसरीकडून. मधल्या प्रवासात ते इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, पंख्याचा आणि चालत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि एखाद्या बोल्टच्या टोकाशी किंवा क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या दांड्याच्या) कडेला जमून ते खाली पडतं. त्यामुळे शोधायची दिशा उलटी ठेवायची: थेंबापासून वर आणि पुढे. जी ओली जागा सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे असेल, तिच्यावर पहिला संशय.

हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर महिंद्राच्या जुन्या डिझेल गाड्या आहेत. प्यूजोच्या इंजिनावरच्या जीपा, कमांडर, मार्शल आणि २००० साली आलेली बोलेरो. इगतपुरीच्या कारखान्यात बनलेली ही इंजिनं आजही गावोगावी चालतायत, आणि त्यांच्याखालची जमीन कोरडी राहिली तर मालकालाच शंका येते की ऑइल संपलं की काय. या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं. पुढून मागे जाताना रेडिएटर, पंखा, इंजिन, बेल हाउसिंग (क्लच झाकणारं कवच), गिअरबॉक्स, फोर-व्हील असेल तर ट्रान्स्फर केस, मग शाफ्ट आणि डिफरन्शियल. नवशिक्याला ही रांग सोयीची पडते, कारण प्रत्येक डब्यातलं तेल वेगळं आणि जागाही वेगळी.

आधी ओळख पटवा

खाली पडलेलं सगळंच इंजिन ऑइल नसतं. बोटावर घ्या, वास घ्या, पांढऱ्या कागदावर टेकवून बघा.

डिझेल गाडीचं वापरलेलं इंजिन ऑइल काळंकुट्ट असतं, बोटांच्या रेषांत जाऊन बसतं आणि साबणानेही लवकर निघत नाही. गिअर ऑइल त्याहून घट्ट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की पुढचं निम्मं काम सोपं होतं, म्हणून गिअर ऑइलच्या डब्याचं झाकण उघडून एकदा मुद्दाम हुंगून ठेवा. पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत लालसर, पातळ तेल पडलं तर ते बहुधा स्टिअरिंगच्या पंपाचं किंवा पायपांचं. कूलंट हिरवट किंवा गुलाबी, हाताला चिकट, वासाला गोडसर. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणीच, त्याची चिंता नको.

डिझेल फसवतं. इंजेक्शन पंपाच्या किंवा फिल्टरच्या जोडातून पाझरणारं डिझेल इंजिनावरची जुनी काळी घाण सोबत घेऊन उतरतं आणि खाली ऑइलसारखं दिसतं. पण ते पातळ असतं, पुठ्ठ्यावर फिकट आणि पसरट डाग पाडतं, आणि वास लपत नाही.

ब्रेक ऑइलचं मात्र वेगळं आहे. ते पातळ, रंगहीन किंवा फिकट पिवळसर असतं आणि रंगावर पडलं की रंग उचलतं. शंका असेल तर वाटीभर पाण्यात एक थेंब टाका. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल वर तरंगतं, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. ब्रेक ऑइल निघालं तर हा लेख इथेच ठेवा आणि गाडी हलवू नका; मेकॅनिकला घरी बोलवा. ज्या गाड्यांत क्लच हायड्रॉलिक आहे तिथेही हेच तेल असतं, पण ब्रेकचं की क्लचचं याचा निकाल रस्त्यावर लावायचा नसतो.

आणखी एक खास आपल्याकडची फसगत. पावसाळ्याआधी चेसिसला गंज धरू नये म्हणून जुनं काळं ऑइल मारायची पद्धत आहे, कोकणात तर सर्रास. स्प्रिंगच्या पाट्यांनाही ऑइल मारतात. असं केल्यावर गाडी कित्येक दिवस जागोजागी टपकत राहते. सेकंडहँड गाडी नुकतीच घेतली असेल तर आधीच्या मालकाला हे विचारा. विकण्याआधी खालून ऑइल मारून गाडी 'चकाचक' करणारेही असतात.

पुठ्ठ्याची रात्र

फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितला तर मिळतो. वर्तमानपत्र नको, तेल त्यात पसरतं आणि थेंबांची जागा हरवते.

गाडी सपाट जागेवर लावा. इंजिन गरम असतानाच, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर, पुठ्ठा इंजिनापासून गिअरबॉक्सच्या मागपर्यंत सरकवा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखा. मग दोऱ्याला एक नट बांधून गवंड्यासारखा ओळंबा करा आणि इंजिनाची पुढची पुली, चेंबरचा ड्रेन बोल्ट, बेल हाउसिंग, गिअरबॉक्सचं मागचं टोक, एवढ्या जागा पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. दुसरा छोटा पुठ्ठा डिफरन्शियलखाली.

सकाळी फोटो काढा. आता तुमच्याकडे थेंबांचा नकाशा आहे. त्यावरून गळती कुठे आहे ते कळणार नाही, पण कुठल्या भागात शोधायचं ते कळेल. पुढच्या पुलीखाली थेंब आणि बेल हाउसिंगखाली कोरडं, तर इंजिनाच्या मागच्या सीलची (फिरत्या क्रँकशाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याची) भीती तूर्त सोडा. उलट असेल तर घाबरू नका, वरचं ऑइल मागे वाहूनही तिथेच पडतं.

धुतल्याशिवाय काही दिसत नाही

जुन्या इंजिनावर धूळ आणि ऑइल मिळून बोटभर जाड थर बसलेला असतो. त्यात नवी गळती शोधणं व्यर्थ आहे. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच गॅरेजमध्ये तो वगळला जातो.

इंजिन थंड असू द्या. अल्टरनेटर, स्टार्टर, एअर क्लीनरचं तोंड आणि वायरचे जोड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. डिग्रीजर किंवा थोडं डिझेल आणि ब्रश घेऊन वरून खाली घासा. पेट्रोल अजिबात वापरू नका, एक ठिणगी पुरते. डिझेलने घासलं असेल तर नंतर साबणाच्या पाण्याने ते पूर्ण काढा, नाहीतर तेच टपकत राहील. वॉशिंग सेंटरला नेलं तर त्यांच्या लिफ्टवर गाडी चढलेली असताना खालूनही नीट बघता येतं. मात्र प्रेशरचा फवारा रेडिएटरच्या पात्यांवर, सीलच्या तोंडांवर आणि वायरिंगवर सरळ मारू देऊ नका. पावसाळ्यात हे काम करायची वेळ आली तर कोरडा दिवस बघा. ओल्या रस्त्याचं पाणी खालचा सगळा पुरावा धुऊन नेतं.

पूर्ण वाळल्यावर संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. ऑइल आलं की पांढऱ्यावर गडद ओघळ उमटतो आणि तो कुठून सुरू झाला ते स्पष्ट दिसतं. खडूची भुकटीही चालते. रांगोळी मात्र नको. ती दगडाची पूड आहे. पुलीच्या सीलशी किंवा बेल्टमध्ये गेली तर नवी गळती तुम्हीच तयार कराल.

गळती फार सूक्ष्म असेल तर ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही रंग आणि निळी टॉर्च मिळते. अंधारात ऑइलची वाट हिरवट-पिवळी चमकते. काळ्या डिझेल ऑइलमध्ये ती चमक मंद दिसते, म्हणून माझी शिफारस अशी की रंग टाकायचाच तर ऑइल बदलताना नव्या ऑइलमध्ये टाकावा. पण दहापैकी बहुतेक वेळा पावडर पुरते.

वरून सुरुवात

बॉनेट उघडा, इंजिन चालू करा, दहा-पंधरा मिनिटं आयडलवर गरम होऊ द्या. सैल बाही, ओढणी, गळ्यातला रुमाल काढून ठेवा. या गाड्यांचा पंखा इंजिनाबरोबर सतत फिरतो. टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा हाताशी असू द्या. जिथे मान जात नाही तिथे मोबाइल घालून व्हिडिओ काढा, इंजिनाच्या मागच्या बाजूसाठी याहून चांगलं साधन नाही.

पहिलं बघायचं ते टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग. कॉर्कचं पॅकिंग उष्णतेने सुकून कडक होतं आणि मागच्या कोपऱ्यातून पाझरतं. ते ऑइल हेडच्या आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूने उतरून थेट बेल हाउसिंगवर येतं. खालून बघणारा लगेच "मागचा क्रँक सील गेला" म्हणतो, आणि गिअरबॉक्स उतरवायचं काम निघतं. शे-दोनशेच्या पॅकिंगसाठी गिअरबॉक्स उतरवलेल्या गाड्या कुठल्याही गॅरेजच्या गल्लीत सापडतील. म्हणून हा कोपरा बोट फिरवून बघाच. ऑइल भरायच्या झाकणाचा रबरही तेव्हाच तपासा.

दुसरी जागा अल्टरनेटरच्या मागे. या डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला लावलेला असतो आणि त्याला इंजिनाचंच ऑइल एका बारीक पायपाने जातं व दुसऱ्या होजने चेंबरकडे परत येतं. होज कडक झाला, क्लिप सैल पडली किंवा पायपाच्या नटखालचा तांब्याचा वॉशर गेला की तिथून ऑइल येतं. बाहेरच्या माणसाला ही जागा सुचतच नाही. पंपाचा सील गेला तर ऑइल अल्टरनेटरच्या आत शिरतं आणि मग चार्जिंगची तक्रार घेऊन गाडी इलेक्ट्रिशियनकडे जाते, गळती तशीच राहते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोला जाणारे-येणारे ऑइलचे पाइपही याच यादीत.

मग ऑइल प्रेशरचा स्विच. याच्या धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या सांध्यातून ऑइल झिरपतं. वायरचा लग काढून बघा, आत ओलं असेल तर स्विच बदला. ऑइल फिल्टर बदलल्यावर लगेच गळती सुरू झाली असेल तर जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली का ते बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की दाब वाढल्यावर ऑइल भसकन बाहेर येतं, आणि हा प्रकार हायवेवर झाला तर इंजिनच जातं.

हेड आणि ब्लॉकच्या जोडातून बाहेरच्या बाजूला ऑइल येत असेल तर पावडरवर ती रेघ आडवी दिसते. हे घरचं काम नव्हे.

समोर, क्रँक पुलीच्या मागे पुढचा ऑइल सील असतो. तो गळत असेल तर ओळखणं अगदी सोपं: फिरती पुली ऑइल गोलाकार उडवते, त्यामुळे टायमिंग कव्हरवर आणि बाजूच्या भागांवर चक्राकार शिंतोडे दिसतात. बेल्टही चिकट होतात.

खाली जाताना

जीप उंच असते, पुष्कळदा उचलायची गरजच पडत नाही. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके. उचलावीच लागली तर जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकंही घालू नका, आणि विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक हे घोड्यांना पर्याय नाहीत. ते अचानक फुटतात. सायलेन्सर थंड होऊ द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, वरून पडणारा कचरा नेमका डोळ्यात जातो.

चेंबरचा ड्रेन बोल्ट आणि त्याचा वॉशर, मग चेंबरची कड सगळीकडून बघा. दगडावर आपटलेला चेंबर बारीक चिरतो आणि चीर फक्त गरम ऑइलला वाट देते. कडेचे बोल्ट सैल लागले तर हलकेच आवळा. जोर लावून आवळल्यावर पत्र्याची कड वाकते, पॅकिंग बाहेर फुगतं आणि थेंबाची धार होते.

आता बेल हाउसिंग. खाली एक छोटं भोक किंवा फट असते, तिथून थेंब येत असेल आणि वरून इंजिनाची पाठ कोरडी असेल, तर आतल्या दोन सीलपैकी एक गेला आहे: इंजिनाचा मागचा क्रँक सील किंवा गिअरबॉक्सचा पुढचा सील. इथे तो हुंगून ठेवलेला वास उपयोगी पडतो. गंधकाचा वास आणि घट्टपणा असेल तर गिअरबॉक्स. काळं, गंधकाचा वास नसलेलं असेल तर क्रँक सील. दोन्ही बाबतीत गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून एकदा उतरला की दोन्ही सील बदला, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बघून घ्या. मजुरी तीच राहते. क्लच घसरायला लागला असेल, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर ऑइल प्लेटपर्यंत पोचलंय.

गिअरबॉक्सचा आणि ट्रान्स्फर केसचा मागचा सील शाफ्टजवळ ऑइलची आडवी रेघ उडवतो, वर फ्लोअरच्या पत्र्यावरही शिंतोडे दिसतात. डिफरन्शियलच्या पुढच्या तोंडाला पिनियन सील. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला टायरवर किंवा बॅक प्लेटवर तेलाचे ओघळ दिसले तर थांबा: एक तर एक्सलचा सील गेलाय आणि गिअर ऑइल ड्रममध्ये उतरतंय, नाहीतर व्हील सिलिंडर गळतोय. कुठलंही असलं तरी त्या चाकाचा ब्रेक लागणार नाही आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. घाट उतरायचा विचार सोडा.

आडव्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांत रीत हीच, जागा बदलतात. कार्ब्युरेटरच्या मारुती ८००मध्ये डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो. त्याच्या जोडातून आलेलं ऑइल गिअरबॉक्सवर उतरतं आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो. ड्राइव्ह शाफ्टचे दोन्ही सील तिथे वेगळे तपासा.

सील बदलायच्या आधी ब्रीदर बघा

गळती एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून येत असेल, तर सगळे सील एकदम म्हातारे झालेत असं समजू नका. इंजिनाच्या पोटात दाब साठतोय का ते बघा. ब्रीदरचा, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारा पाइप काजळीने तुंबला की तो वायू सीलमधून वाट काढतो. पाइप काढून साफ करणं दहा मिनिटांचं काम आहे.

ब्रीदर मोकळा असूनही दाब असेल तर पिस्टन रिंगा झिजल्यात. इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण सैल करून अलगद उचला. थोडीशी फुंकर कुठल्याही जुन्या डिझेलला असते. पण धुराचे जोरदार झोत येत असतील, झाकण उडायला बघत असेल, तर मेकॅनिक म्हणतात तसं इंजिन बॅक कंप्रेशन मारतंय. अशा इंजिनाला कितीही नवे सील घाला, ते पुन्हा गळतील. पैसा सीलवर घालायचा की इंजिनाच्या कामावर, हे आधी ठरवा.

डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सलाही छोटा ब्रीदर असतो आणि चिखलाने तो हमखास बुजतो. पिनियन सील वर्षाआड जात असेल तर आधी तो साफ करा.

ऑइलची पातळीही बघा. जास्त भरलेलं ऑइल गळतंच. आणि न भरताच पातळी वाढत असेल, डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल, तर आत डिझेल उतरतंय. अशा पातळ ऑइलवर इंजिन चालवू नका.

घाई किती करायची?

जोडावर नुसता ओलसर थर, थेंब नाही: पुसा, लक्ष ठेवा. रात्रीत दोन-चार थेंब: आठवड्याला डिपस्टिक बघा, पुढच्या सर्व्हिसिंगला काम करा. सतत थेंब मात्र वेगळी गोष्ट. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर; त्याच अंदाजाने मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसरात्र मिळून ७० मिलिलिटरच्या आसपास, दोन आठवड्यांत जवळपास लिटर. इंजिन चालू असताना दाबाखाली हा वेग कितीतरी वाढतो. गरम सायलेन्सरवर ऑइल पडून धूर येत असेल तर आगीचा धोका आहे, त्यात थांबायला जागा नाही.

टॅपेट कव्हर, ड्रेनचा वॉशर, फिल्टर, ऑइल स्विच, होजच्या क्लिपा ही कामं घरी जमतात. पॅकिंग बसवताना दोन्ही पृष्ठभाग जुन्या अवशेषांपासून पूर्ण साफ करा. अॅनाबॉन्डसारखं सिलिकॉन लावायचंच तर बारीक रेघ पुरे. बाहेर जेवढं ओघळतं तेवढंच आतही जातं, आणि आतला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. गळती थांबवणारी औषधं कडक झालेला रबर थोडा फुगवतात, काही दिवस निभावतं. फाटलेल्या पॅकिंगला त्याचा काही उपयोग नाही, जाड ऑइल घालण्याचाही नाही.

गॅरेजला नेताना पुठ्ठ्याचे आणि पावडरचे फोटो सोबत ठेवा आणि जुना भाग परत मागा. नवा सील तरीही गळत असेल तर शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली का ते विचारा. चांगला मेकॅनिक सील थोडा पुढे-मागे बसवतो किंवा शाफ्टवर स्लीव्ह चढवतो.

काम झाल्यावर पुन्हा धुवा, शंभर किलोमीटर फिरवा, पुन्हा पावडर, पुन्हा पुठ्ठा. एका जागेची गळती बंद झाल्यावर तिच्याआड लपलेली दुसरी उघडी पडते, जुन्या गाडीत हे नेहमीचंच. फरशीवरच्या डागांवर लाकडाचा भुसा टाकून घासून घ्या, म्हणजे नवा थेंब लगेच दिसेल. काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या, ते पुनर्प्रक्रियेसाठी जातं का हे विचारून.